लपलेल्या उत्तराचा ताळा

आजचा विषय आहे शब्दकोडे. पण साधे शब्दकोडे नव्हे. सगळे शब्द भरून झाले तरी ज्यात काम संपत नाही, अशा प्रकारचे कोडे आज आपण घेणार आहोत. चौकटीतली काही घरे छायांकित असतात. त्या घरांतली अक्षरे क्रमाने उचलली की एक शेवटचा शब्द तयार होतो आणि बक्षीस असते ते या लपलेल्या शब्दाला.

आता प्रश्न असा, की हा शेवटचा शब्द बरोबर आहे हे पुढच्या अंकात उत्तर छापून येण्याआधी आपल्याला कळू शकते का? आमचे म्हणणे असे, की चांगल्या कोड्यात ते कळू शकते, नव्हे, कळलेच पाहिजे. ज्यात ते कळण्याची सोयच नाही, त्याला कोडे म्हणू नये, ती सोडत आहे. हा भेद किरकोळ वाटेल, पण एके काळी याच भेदावर लोकांचे पैसे गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचले. तिथे आपण येऊच. आधी कोडे बघू.

आजच्या शब्दकोड्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ चा. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात आर्थर विन याने ते पहिल्यांदा छापले. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो आणि वर्ण एकूण सव्वीस. मराठीत मात्र एका घरात आख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट, जोडाक्षर असेल तर तेही एकाच घरात. सुमारे ३४ व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली, तरी चारशेच्या वर अक्षरे झाली. जोडाक्षरे वेगळीच. म्हणून मराठी कोडे रचायला कठीण असते, कारण दोन शब्द एकमेकांना छेदायचे तर तेच अक्षर त्याच मात्रेसकट दोन्हीकडे यावे लागते. पण सोडवणाऱ्याचा यात फायदाच आहे. एक घर नक्की झाले, की चारशेतल्या एकावर बोट ठेवल्यासारखे होते. इंग्रजीतल्या एका वर्णापेक्षा आपले एक अक्षर जास्त माहिती देते, बरं का.

आता एक छोटे कोडे घेऊ. ते आजच्यासाठीच रचले आहे आणि सगळे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले आहे. चार ओळी, प्रत्येक ओळीत सात घरे. कागदावर काढून घ्या.

■ ■ ■ ■ १ ■ ■
■ ■ २ □ □ ३ □
४ ५ □ ■ ■ □ ■
■ □ ■ ■ ■ ■ ■

आडवे शब्द:
२. ‘पूर’ने संपणारे, जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण (५)
४. हिशेबाची पडताळणी पोटात घेऊन बसलेले तालुक्याचे ठिकाण (३)

उभे शब्द:
१. कणसात दाणे भरणारे पीक (२)
२. विहिरीच्या पाण्यावर पिकणारे शेत (२)
३. जिल्ह्याच्या उत्तर भागातून पश्चिमेकडे वाहणारी नदी (२)
५. मोजायचे एक माप (२)

छायांकित घरे तीन: दुसऱ्या ओळीतले पाचवे, दुसऱ्या ओळीतले सहावे आणि चौथ्या ओळीतले एकुलते एक पांढरे घर. या तिघांतून शेवटचा शब्द होतो. त्याचा संकेत: रंगाने पांढरा, देवघरात हमखास सापडणारा, ठिणगी लागली की पेटलाच.

आता इथेच काही जण हात वर करतील आणि म्हणतील, ‘कापूस!’ आपला भाग कापसाचा, देवघरात वात कापसाची, उत्तर तयार. पण थांबा. कापूरही पांढराच असतो, तोही देवघरात असतो आणि तोही ठिणगी लागताच पेटतो. कापूस आणि कापूर, दोन्ही तीन अक्षरी. पहिली दोन अक्षरे तीच, फरक फक्त शेवटच्या अक्षराचा. आपल्याकडे कापूस पिकतो म्हणून उत्तर कापूस, हा अंदाज झाला, पुरावा झाला नाही. तेव्हा चौकटीकडे जाऊ.

आडवे २ पासून सुरू करू. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. त्यांत ‘पूर’ने संपणारी ठिकाणे दोन, मलकापूर आणि संग्रामपूर. अक्षरे मोजा. म-ल-का-पू-र, पाच. सं-ग्रा-म-पू-र, तीही पाच. म्हणजे नुसत्या संकेतावरून निकाल लागत नाही. अशा वेळी काय करायचे? दोन्हींत जे सामाईक आहे तेवढे पेनाने लिहायचे आणि बाकीचे पेन्सिलीने. शेवटची दोन घरे ‘पू’ आणि ‘र’ पक्की झाली, पहिली तीन मोकळी ठेवू.

‘पू’ पक्का झाला म्हणजे उभे ३ सुटले: पूर्णा. इथे पुष्कळ जण अडखळतात. पू-र-णा अशी तीन घरे हवीत ना, असे विचारतात. नाही. ‘र्णा’ हे एकच जोडाक्षर आहे, रफार वेगळे घर घेत नाही. म्हणून दोनच घरे.

आता उभे १. कणसात दाणे भरणारे दोन अक्षरी पीक म्हटले तर ज्वारी आठवेल आणि मकाही आठवेल. पण या शब्दाचे दुसरे घर म्हणजे आडव्या २ चे तिसरे घर आहे. तिथे मलकापूरचा ‘का’ येईल नाहीतर संग्रामपूरचा ‘म’ येईल. ज्वारीचा ‘री’ कुठेच बसत नाही आणि ‘म’ने संपणारे कणसाचे पीक दिसत नाही. मका आणि मलकापूर मात्र एकमेकांना बरोबर धरतात. तरी घाई नको. अजून एक साक्षीदार आहे, उभे २. विहिरीच्या पाण्यावरचे शेत म्हणजे मळा. त्याचा ‘म’ हा आडव्या २ चे पहिले अक्षर. संग्रामपूर असते तर तिथे ‘सं’ लागला असता. आता मलकापूर पेनाने लिहायला हरकत नाही, कारण वेगवेगळ्या दोन दिशांनी येऊन दोन शब्दांनी तेच सांगितले.

पुढे आडवे ४. मळ्याचा ‘ळा’ हे त्याचे शेवटचे अक्षर. तीन अक्षरी तालुक्याची ठिकाणे कोणती? चिखली, लोणार, नांदुरा, शेगाव, मोताळा. ‘ळा’ने संपणारे एकच, मोताळा. आणि संकेत काय म्हणत होता? हिशेबाची पडताळणी पोटात. गुणाकार, भागाकार करून झाला, की तो बरोबर आला का हे बघायला आपण काय करतो? ताळा करतो. मो-ताळा. संकेतानेही हो म्हटले, छेदणाऱ्या शब्दानेही हो म्हटले.

राहिले उभे ५, मोजायचे एक माप. एकटे वाचले तर काय वाटेल ते बसते: शेर, वार, कोस, मैल, तास. पण पहिले घर मोताळ्याच्या ‘ता’चे आहे. मग शेर गेला, वार गेला, कोस-मैल गेले. तास उरला. कोणी चिकित्सक म्हणेल, कागदाचा ‘ताव’ही मापच की. खरे आहे. पण मग शेवटचा शब्द ‘कापूव’ होईल आणि असा शब्द मराठीत नाही. बघा, शेवटचा शब्दसुद्धा उलट दिशेने आधीच्या शब्दांना तपासतो. का, पू, स. उत्तर कापूस. सुरुवातीला हात वर करणाऱ्यांनी सांगितलेलेच उत्तर आले, पण तेव्हा तो तर्क होता आणि आता त्याला पुरावा आहे.

या सगळ्यात आपण काय केले? प्रत्येक अक्षराला विचारले, तुझा साक्षीदार कोण? ‘का’चा साक्षीदार मका, ‘पू’चा साक्षीदार पूर्णा. ‘स’चे घर मात्र कमकुवत आहे. त्याला कोणी थेट छेदत नाही. पण त्याच्या शेजारचा ‘ता’ मोताळ्याने बांधून ठेवला आहे, म्हणून ‘स’ला पळता येत नाही. कोडे सोडवताना असे कमकुवत घर हुडकून तिथेच सगळ्यात जास्त वेळ द्यावा. चूक होते ती बहुधा तिथेच.

आता गंमत बघा. या कोड्यातून आडवे ४, म्हणजे फक्त मोताळा, काढून टाकू. बाकी सगळे तसेच. काय होईल? उभे ५ मोकळे पडेल. तास लिहिला तर कापूस, शेर लिहिला तर कापूर. दोन्ही शब्द निर्दोष, दोन्ही संकेतात बसणारे. मग खरे उत्तर कोणते? जे आयोजकाच्या पाकिटात आहे ते! तुमचे वाचन, शब्दसंग्रह, चिकाटी यांचा इथून पुढे काहीच उपयोग नाही. आणि एका कोड्यात अशी दोन-दोन पर्यायांची दहा घरे ठेवली तर? दोनाचा दहावा घात, म्हणजे १,०२४ वेगवेगळी उत्तरे होतात. हमखास जिंकायचे असेल तर १,०२४ प्रवेशिका भरा आणि प्रत्येकीचे शुल्क द्या. कोड्यासारखी दिसणारी ही वस्तू खरे तर लॉटरी आहे.

ही कल्पना नाही. १९४० आणि १९५० च्या दशकांत आपल्या देशात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचा मोठा धंदा होता. मुंबई सरकारने १९४८ साली लॉटरी आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला. बंगलोरहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोडे स्पर्धा चालत आणि तो अंक मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर खपत असे. मुंबईचा कायदा त्यांना लागू करण्यावरून वाद झाला. दरम्यान संसदेने १९५५ साली बक्षीस स्पर्धा कायदा केला. तो १ एप्रिल १९५६ पासून अमलात आला. महिन्याला एकूण एक हजार रुपयांहून जास्त बक्षिसे किंवा एका स्पर्धेला दोन हजारांहून जास्त प्रवेशिका असतील तर ती स्पर्धा चालवायची नाही, असे त्यात ठरवले होते.

९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही कायद्यांबद्दलचे निकाल दिले. मुंबईच्या प्रकरणात सरन्यायाधीश सुधी रंजन दास यांच्या निकालात मुद्दा हाच होता, की या स्पर्धेत अचूक उत्तर म्हणजे काय? तर आयोजकांनी आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जे जुळेल ते. स्पर्धकाचा शब्द अर्थाने कितीही योग्य असो, तो पाकिटातल्या शब्दाशी जुळणे हा योगायोगच. म्हणून न्यायालयाने हा जुगाराचा प्रकार ठरवला आणि जुगाराला व्यापाराच्या मूलभूत हक्काचे संरक्षण नाही, असे सांगितले. केंद्राच्या कायद्याबद्दलच्या निकालात न्यायालयाने दुसरी बाजूही स्पष्ट केली. ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते, तिला हा कायदा लागू नाही. आपला जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ती राज्यपुनर्रचना झाली.

न्यायालयाने कायद्याच्या भाषेत जे मांडले, ते आपण मोताळा काढून आणि ठेवून पाहिले. उत्तर लपवण्यात काही गैर नाही, लपवले नाही तर ते कोडे कसले? पण लपवलेल्या उत्तराकडे जाणारी वाट चौकटीच्या आतून गेली पाहिजे. ती वाट फक्त पाकिटातून जात असेल, तर लपवणारा आणि शोधणारा यांच्यातला खेळ बरोबरीचा राहत नाही.

आज ‘कोडे सोडवा, बक्षीस मिळवा’ असे संदेश मोबाइलवर येतात. तेव्हा तीन गोष्टी विचारा. पहिली: प्रत्येक छायांकित अक्षराला साक्षीदार आहे का? दुसरी: तितकेच योग्य असे दुसरे उत्तर निघते का? निघत असेल, तर ते वगळणारे काहीतरी चौकटीत आहे का? तिसरी: उत्तर जाहीर झाल्यावर ते का बरोबर, हे सोडवणाऱ्याला स्वतःच पटवून घेता येईल का? तिन्हींचे उत्तर समाधानकारक नसेल आणि वर पैसे मागत असतील, तर तिथून उठावे.

आणि ज्यांना कोडी रचायची हौस आहे, विशेषतः शाळांमधल्या शिक्षक मंडळींना, एवढेच सांगू. शेवटचा शब्द आधी ठरवा, मग त्याची अक्षरे पोटात घेणारे शब्द शोधा आणि सगळ्यात शेवटी कोडे दुसऱ्या कोणाला तरी सोडवायला द्या. त्यांनी वेगळेच उत्तर आणले आणि ते चूक आहे हे चौकटीवरून दाखवता आले नाही, तर चूक त्यांची नाही. कोड्यात अजून एक मोताळा घालायचा राहिला आहे, एवढेच.