भर बाजारात ठरलेलं गुपित

मे महिन्यात मावशी न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे गेली. डोंबिवलीच्या फ्लॅटचा मेन स्विच बंद केला, गॅसचा कॉक फिरवला, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. पण घर बंद असलं तरी लाइट बिल येतंच. युनिट शून्य, तरी स्थिर आकार चुकत नाही. जूनमध्ये एका संध्याकाळी तिचा फोन आला. तिच्याकडे सकाळचे दहा वाजले होते आणि ती तिथल्या सार्वजनिक वाचनालयात बसली होती.

"इथलं वायफाय फुकट आहे, पासवर्डसुद्धा मागत नाही. इथून बिल भरलं तर पलीकडच्या टेबलावरच्या माणसाला माझा बँकेचा पासवर्ड दिसेल का रे?"

मावशीने तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय. नुसतं "नाही दिसणार" म्हणून तिचं समाधान होणार नव्हतं, आणि खरं तर कुणाचंच होऊ नये. कारण त्या "नाही"मागे जे दडलंय त्याच्याइतकं सुंदर मी फार थोडं पाहिलंय.

अडचण काय आहे ते आधी बघा. वायफाय म्हणजे रेडिओलहरी. त्या मावशीच्या फोनपासून चहूकडे पसरतात आणि आवाक्यातल्या कुणालाही त्या पकडता येतात. बँकेचं यंत्र हजारो मैलांवर. मावशीचा आजचा फोन आणि ते यंत्र यांच्यात आधी ठरलेला कुठलाही सांकेतिक शब्द नाही. दोघांनी जे काही बोलायचं ते सगळ्यांच्या कानांवर पडणार. अशा स्थितीत फक्त दोघांनाच ठाऊक असेल असं गुपित ठरवायचं कसं? शेकडो वर्षं याचं उत्तर एकच होतं: ठरवताच येणार नाही. आधी कधीतरी भेटा, किल्ली हातोहात द्या, मग लांबून बोला. सैन्यं आणि वकिलाती विश्वासू माणसांच्या हाती संकेतांच्या वह्या पाठवत असत त्या याचसाठी.

मी मावशीला म्हटलं, कागद घे. दोन आकडे सगळ्यांना ऐकू जातील असे ठरवू: २ आणि १९. आता तू मनात एक आकडा धर, समज ६. तो कुणाला सांगायचा नाही. २ चा सहावा घात कर, ६४. त्याला १९ने भाग, बाकी ७. हा ७ मोठ्याने ओरडून सांग. बँकेने मनात ५ धरलाय. २ चा पाचवा घात ३२, १९ने भागून बाकी १३. बँक १३ ओरडून सांगते.

आता तुला मिळालेल्या १३ चा तुझा सहावा घात कर: ४८,२६,८०९. १९ने भागून बाकी ११. बँकेने तुझ्या ७ चा तिचा पाचवा घात केला: १६,८०७. १९ने भाग.

पलीकडे पेन्सिलीचा आवाज थांबला. "अकरा!"

दोघींकडे ११ आला, आणि एकमेकींना ओरडून सांगितलेल्या आकड्यांत अकरा कुठेच नव्हता. पलीकडच्या टेबलावरच्या माणसाने २, १९, ७, १३ हे सगळं ऐकलं, पण मनातला ६ आणि ५ त्याच्याकडे नाहीत. घात करून बाकी काढणं सोपं. बाकीवरून मूळ घात शोधणं अवघड. १९सारख्या लहान आकड्याला तो एकेक करून शोधेलही. पण १९च्या जागी ६१७ आकडी संख्या ठेवली, तर जगातले सगळे संगणक जुंपले तरी माणसाच्या आयुष्यात उत्तर येत नाही. आज बहुतेक वेळा याच कल्पनेचं इलिप्टिक कर्व्ह नावाच्या वक्ररेषांवरचं रूप वापरतात. त्यात आकडे लहान राहतात, कोडं मात्र तेवढंच कठीण. मावशीचा फोन बँकेचं पान उघडताना हे सगळं डोळ्याची पापणी लवेपर्यंत उरकतो. मग त्या गुपितापासून बनवलेल्या किल्लीने पुढचं प्रत्येक अक्षर कुलुपात जातं. वायफायवाल्याला फार तर कळतं की या फोनचं अमुक बँकेशी बोलणं चालू आहे. काय बोलणं, ते नाही.

ही युक्ती व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन अमेरिकनांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. राल्फ मर्कल नावाचा तरुण त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच वाटेने निघाला होता. पण कथेला एक तळघरही आहे. ब्रिटनच्या गुप्तसंदेश खात्यात जेम्स एलिस नावाचा माणूस होता. दुसऱ्या महायुद्धातला एक जुना टेलिफोन-अहवाल त्याच्या वाचनात आला. त्यात सुचवलं होतं की ऐकणाऱ्यानेच तारेत गोंगाट मिसळावा; मिसळलेला गोंगाट काय होता हे त्यालाच माहीत, म्हणून वजा करणंही त्यालाच जमेल. म्हणजे गुपित राखण्याच्या कामात घेणाराही हात घालू शकतो! एलिसने त्यावरून १९७०च्या सुमारास मांडलं की आधी किल्ली न देताही गुप्त बोलता येणं शक्य आहे. त्याच खात्यातल्या क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन यांनी पुढच्या चार वर्षांत त्यामागचं गणितही शोधलं. डिफी-हेलमनची रीत विल्यमसनला त्यांच्या आधीच सापडलेली होती. सगळं कपाटात बंद राहिलं. खात्याने ते जाहीर केलं १९९७च्या डिसेंबरात, आणि एलिस त्याच्या काही आठवडे आधीच वारला होता. दर वेळी बिल भरताना मला तो आठवतो.

मावशीने मात्र गणिताच्या शिक्षिकेसारखी शंका काढलीच. "१३ ओरडणारी बँकच कशावरून? मधला माणूसच बँकेच्या आवाजात ओरडला तर?"

अगदी हीच या रीतीची उघडी बाजू. म्हणून बँक आपल्या १३ वर सही करते. अशी सही जी फक्त तिलाच करता येते आणि कुणालाही तपासता येते. ती सही बँकेचीच आहे याची ग्वाही दुसरी संस्था देते, आणि अशा संस्थांची यादी मावशीच्या फोनमध्ये आधीपासून भरलेली आहे. सही जुळली नाही तर फोन पानभर इशारा दाखवतो. हॉटेलच्या किंवा विमानतळाच्या वायफायवर असा इशारा आला, तर "तरीही पुढे जा" कधीही दाबू नये. सही न जुळणं म्हणजे मध्ये कुणीतरी असण्याची शक्यता.

यातली एक बारीक गोष्ट फार माणसांना फसवते. ग्वाही नावाची असते, हेतूची नाही. भामट्याने बँकेच्या नावासारखं दिसणारं नाव घेतलं तर त्या नावालाही चोख कुलूप मिळतं. म्हणून पत्ता वाचावा तो पहिल्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंत, आणि तिथून मागे मागे यावं. शेपटाकडचं नाव खरं. त्याच्या डावीकडे काहीही चिकटवता येतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये आपल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे शेपूट राखून ठेवलं, ते याचमुळे. आणि वाचनालयाच्या संगणकावर बँक उघडू नये. वाट बंद असते, पण तो कीबोर्ड आपला नसतो.

वाटेतली चोरी अशी अवघड झाली, तेव्हा चोर सरळ माणसाकडे वळला. "आज रात्री ९.३० वाजता तुमची वीज तोडली जाईल, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, या नंबरवर फोन करा" असे एसएमएस गेली काही वर्षं महाराष्ट्रात फिरतायत, महावितरणने वारंवार सावध केलंय. डोंबिवलीतले रात्रीचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात एडिसनमधले भर दुपारचे बारा. घर हजारो मैल दूर, किल्ली शेजारी, हातात फोन. घाबरवायला याहून नेमकी जागा नाही. खरं तर लाइट बिल ही सगळ्यांत कमी गुप्त गोष्ट आहे: बारा आकडी ग्राहक क्रमांक असला की ते कुणालाही भरता येतं. काकूंना तो क्रमांक देऊन ठेवला तर मावशीचा पासवर्ड कुठे जातच नाही.

तिला स्वतःच भरायचं होतं, त्यामुळे ओटीपी लागणार होता. तो कसा पोचतो तेही ऐकण्यासारखं आहे. मावशीने नेवार्कला उतरून फोन चालू केला, त्या क्षणी तिथल्या नेटवर्कने इथल्या कंपनीच्या नोंदवहीला कळवलं: हा नंबर सध्या आमच्याकडे. बँकेचा एसएमएस आधी त्या नोंदवहीला विचारतो, मग समुद्र ओलांडतो. तो येतो फोन जोडण्याच्या सूचनांसाठीच्या चिंचोळ्या वाटेने. म्हणून तर इंग्रजीत १६० अक्षरं आणि देवनागरीत जेमतेम ७०. त्यासाठी निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्यावं लागतं आणि भारतातलं सिम फोनमध्ये जागं असावं लागतं. डेटा बंद चालेल, सिम बंद चालणार नाही.

पण एसएमएस स्वतः त्या कुलुपात नसतो. २०१७ मध्ये जर्मनीत चोरांनी नेटवर्कची हीच नोंदवही फसवून लोकांचे ओटीपी आपल्याकडे वळवले होते. म्हणून ईमेलसाठी तरी मी मावशीला ऑथेंटिकेटर, म्हणजे असे आकडे फोनमध्येच बनवणारा अ‍ॅप, लावून दिला. ईमेल हाती आलं की बाकीचे पासवर्ड बदलता येतात. ऑथेंटिकेटरची करामत अशी: सुरुवातीला एकदाच दोन्हीकडे एक गुप्त बी पेरायचं. मग १ जानेवारी १९७०पासून किती सेकंद झाले ते मोजून ३०ने भागायचं, आलेली संख्या त्या बीबरोबर घुसळायची आणि सहा आकडे काढायचे. दोन्हीकडे घड्याळ एकच, म्हणून आकडेही तेच. निरोप जात नाही, येत नाही. अटलांटिकवर, विमानात, सगळी नेटवर्कं बंद असतानाही ते सहा आकडे बदलत राहतात.

मावशीने बिल भरलं, पावतीचा फोटो पाठवला. रविवारी तिचा पुन्हा फोन, स्पीकरवर. १९ फार लहान आहे म्हणाली, मोठी मूळसंख्या घेऊ. आम्ही चौघांदेखत दोन आकडे ठरवले, एकेक मनात धरला, बाक्या मोठ्याने सांगितल्या. तिचा बारा वर्षांचा नातू मधे बसून सगळं लिहून घेत होता. मग दोघांनी आपापला शेवटचा आकडा कागदावर लिहून फोटो एकाच वेळी पाठवले. दोन्ही कागदांवर तोच आकडा. नातवाने ते फोटो बघायला साफ नकार दिला. वही घेऊन तो अजून एकेक घात करून बघतोय.