बिघाडाची आगाऊ वर्दी

लष्करी वाहनांतले सेन्सर तेलाचा दाब, तापमान, बॅटरीचा व्होल्टेज, इंधनाची पातळी सतत नोंदवत असतात. सुट्या आकड्यापेक्षा त्याचा कल महत्त्वाचा. बेअरिंग झिजू लागले की आधी त्याची कंपने बदलतात; ते तापते नंतर आणि निकामी होते त्याहून नंतर. मधल्या काळात सुटा भाग मागवला, तर गाडी कार्यशाळेत थांबते, आघाडीवर नाही. अमेरिकी लष्कराने आयबीएमच्या वॉटसन प्रणालीवर ३५० स्ट्रायकर चिलखती वाहनांसाठी असा प्रयोग केला. ब्रॅडली या चिलखती लढाऊ वाहनावरचा असाच प्रयोग २०१८ मधला.

खरा फायदा मात्र पुरवठ्यात आहे. एब्रम्स रणगाड्याच्या टाक्यांत सुमारे १,९०० लिटर इंधन मावते आणि त्याचे १,५०० अश्वशक्तीचे टर्बाइन रणगाडा जागेवर उभा असतानाही ते भराभर संपवते. त्यामुळे किती किलोमीटर धावला यावरून बांधलेला अंदाज फसतो. टाकीतली पातळी थेट कळली, तर टँकरची एखादी फेरी वाचते. इराक-अफगाणिस्तानात पुरवठ्याच्या ताफ्यांवर वारंवार हल्ले झाले, माणसे मेली. वाचलेल्या फेरीचे मोल म्हणूनच इंधनाच्या किमतीत मोजू नये.

अडचण रेडिओची. माहिती पाठवणारा प्रत्येक संदेश शत्रूला गाडीचा ठावठिकाणा देऊ शकतो. म्हणून नोंदी गाडीतच साठवून, तळावर परतल्यावर उतरवून घेणे अनेकदा सुरक्षित ठरते. पण तोवर इंधनाचा आकडा शिळा झालेला असतो.