मुळं धरणारे दात, माती सोडणाऱ्या फटी

खळ्यावर दाताळं फिरताना कधी नीट पाहिलंय? दात काडीकचरा, धसकटं, पाचोळा ओढून आणतात आणि धूळमाती जिथल्या तिथं राहते. ती वेगळी काढायला कुणी बसत नाही. दोन दातांमधली फट ते काम आपोआप करते.

आता हेच दाताळं मनातल्या मनात वाढवत न्या. लाकडी दातांच्या जागी जाड पोलादी दात बसवा, एकेक कमरेएवढ्या उंचीचा. ओढणाऱ्या माणसाच्या जागी चेनवर चालणारं वीस टनांचं यंत्र आणा आणि ओढण्याऐवजी त्याला ढकलू द्या. झाला रूट रेक. झाडंझुडपं निघाल्यावर जमिनीत राहिलेले बुडखे आणि मुळं उपसून गोळा करण्यासाठी बुलडोझरच्या तोंडावर हे अवजार बसवतात. खळ्यावरची युक्ती एवढ्या मोठ्या यंत्रावर जशीच्या तशी चालते, याचं मला अजूनही नवल वाटतं.

हे काम जवळून पाहण्यासारखं असतं. दात जमिनीत वीतभर रुततात आणि यंत्र पुढे सरकतं. आधी बारीक मुळं तटातट तुटल्याचा आवाज येतो. मग जमिनीला भेग पडते आणि एक बुडखा मुळांसकट उलटा होऊन वर येतो. मुळांच्या जाळीत मातीचा भला मोठा गड्डा अडकलेला असतो. दातांना पुढच्या बाजूला बाक दिलेला असतो, म्हणून बुडखा सरपटत जात नाही, गडगडत जातो. एक कोलांटी, दुसरी, तिसरी. प्रत्येक कोलांटीला गड्ड्याची थोडी माती सुटते आणि फटींतून मागे पडते. थोडं अंतर गेल्यावर दातांपुढे उघडी मुळं उरतात, आणि मागे भुसभुशीत झालेली माती आपल्याच शेतात पडलेली असते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे समजायला साध्या पात्याचं काय होतं ते पाहावं लागेल. बुलडोझरचं पातं जन्मलं ते मुळी माती ढकलण्यासाठी. १९२३ साली अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, मॉरोव्हिल गावी जेम्स कमिंग्स आणि जे. अर्ल मॅक्लिओड या दोघांनी ट्रॅक्टरच्या पुढे पातं बसवलं. तेलाच्या नळांसाठी खणलेले चर पुन्हा बुजवायचे, एवढंच त्याचं काम होतं. १९२५ साली त्यांना पेटंट मिळालं. चर बुजवताना पात्यापुढची सगळी माती सरकायलाच हवी, म्हणून त्याला कुठेही फट नाही. पण तेच पातं मुळं काढायला लावलं, तर मुळांबरोबर माती जाणारच.

किती जाते, याचा हिशेब घरबसल्या करता येतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरून फक्त एक इंच माती खरवडली गेली, तर ती होते ३,६३० घनफूट, म्हणजे छत्तीस ब्रासच्या वर. वजनात सव्वाशे टनांहून जास्त. शेतात उभं राहिलं तर इंचभराचा फरक डोळ्याला जाणवतसुद्धा नाही. आणि ही माती वरची, म्हणजे कसदार असते. पाचोळा कुजून झालेलं खत, गांडुळं, जिवाणू, बारीक तंतुमुळांचं जाळं, सगळं याच थरात. असा इंचभर थर घडायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात.

हे नुकसान प्रत्यक्ष मोजूनही झालं आहे. पेरू देशात अॅमेझॉनच्या जंगलात युरिमाग्वास नावाचं गाव आहे. तिथं मृदाशास्त्रज्ञ पेद्रो सांचेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारशेजारच्या जमिनींवर एक प्रयोग केला. काही तुकड्यांवरचं जंगल तोडून जाळलं आणि काही तुकडे सरळ पात्याच्या बुलडोझरने साफ केले. १९७७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बुलडोझरच्या तुकड्यांवरचं पीक सरासरीने जाळलेल्या तुकड्यांच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याएवढं होतं. जाळलेल्या जमिनीला राखेचं खत मिळालं होतं, हे त्याचं एक कारण. पण यंत्राच्या वजनाने जमीन दबली होती, पाणी मुरायचं मंदावलं होतं, आणि वरची माती पात्यापुढे वाहून गेली होती, ही बाकीची कारणं. सांचेझ यांना पुढे २००२ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जगाच्या अन्नाचा विचार करणारा माणूस बुलडोझरच्या पात्यामागची जमीन मोजत बसला होता, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

म्हणून रेक. पण कुठला? इथून पुढे गोष्ट जास्त रंगतदार होते, कारण उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकाआधी झाडाकडे मागावं लागतं.

पहिला प्रश्न असा: हे झाड पुन्हा फुटतं कुठून? आपल्याकडच्या माळांवर आणि ओढ्याकाठी माजलेली वेडी बाभूळ घ्या. ती कितीही वेळा तोडा, बुंध्यापासून फुटवे येतातच. तिचे फुटण्याचे डोळे जमिनीलगत आणि जमिनीखाली थोड्या खोलीपर्यंत, बुंधा आणि मूळ जिथं जुळतात त्या भागात असतात. टेक्सासमध्ये तिच्याच कुळातल्या मेस्कीटने गुराखी असेच जेरीस आलेले आहेत. तिथला अनुभव सांगतो की हा सांधा मुळापासून निघाला तर झाड संपतं, आणि जमिनीत राहिला तर पुढच्या पावसाळ्यात एकाच्या जागी पाच फांद्या उभ्या राहतात. म्हणजे इथं रेकचे दात सांध्याच्या खाली पोचतील एवढे लांब हवेत.

आता ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचा ब्रिगलो पाहा. हाही बाभळीचाच नातलग, आणि आपल्या काळ्या रानासारख्या भेगाळणाऱ्या चिकण जमिनीतही वाढणारा. १९६२ नंतर सरकारी योजनेखाली तिथं ब्रिगलोची अफाट जंगलं पाडली गेली. दोन बुलडोझर, मध्ये भलीमोठी साखळी, आणि साखळीपुढे आडवी होत जाणारी झाडं. पण ब्रिगलोच्या आडव्या पसरलेल्या मुळांनाच कोंब येतात. मूळ दुखावलं की जणू त्याला जाग येते, आणि एका झाडाच्या जागी कोंबांचं रान माजतं. अशा जमिनीत अर्धवट रेक फिरवणं म्हणजे झाडाला मदत करणंच. तिथले लोक पडलेली लाकडं गोळा करायला वेगळा रेक वापरतात, त्याला म्हणतात स्टिक रेक. तो जमिनीवरून फिरतो, तर रूट रेक जमिनीत शिरतो. दोघांनाही दात आहेत आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात, पण कामं मात्र निराळी. ज्या ब्रिगलोशी माणूस असा झगडला, त्याच्या मूळ जंगलांपैकी आज एक दशांशही शिल्लक नाही, आणि ऑस्ट्रेलियाने त्या जंगलांना संकटग्रस्त म्हणून संरक्षण दिलं आहे. हेही विसरून चालणार नाही.

आणि हरळी, कुंदा? पेराएवढा तुकडा राहिला तरी ती पुन्हा धरते. तिथं रेकचा काहीच उपयोग नाही. तिला खोल नांगरट, कडक ऊन आणि वेचणी हेच औषध.

दुसरा प्रश्न फटीचा. डोझरच्या रेकमध्ये दोन दातांतलं अंतर यंत्राच्या आकाराप्रमाणे साधारण वीतभर ते हातभर असतं. फट अरुंद असेल तर बोटाएवढी मुळंही अडकतात, पण त्यांच्याबरोबर ढेकळंही अडकतात. फट रुंद असेल तर माती मोकळी सुटते, पण बारीक मुळं निसटतात. नवखा माणूस अरुंद फट निवडतो, कारण त्याला सगळं काढायचं असतं. जाणकार आधी ठरवतो की नांगराला अडेल असं सर्वांत लहान मूळ कुठलं, आणि तेवढीच फट घेतो. त्याहून बारीक जे राहील ते कुजून मातीचंच खत होतं. राहिलेलं थोडं दुसऱ्या फेरीत निघतं. कुळवाची उभी-आडवी पाळी घालतात तशी रेकचीही घालतात. पहिल्या फेरीत जे मूळ यंत्राच्या चालीला समांतर होतं म्हणून निसटलं, ते दुसऱ्या फेरीत आडवं येऊन सापडतं.

तिसरा प्रश्न ताकदीचा. वीस टनांचा डोझर घट्ट जमिनीवर आपल्या निम्म्या वजनाहून जास्त जोर लावू शकतो. पात्यावर तो जोर सगळ्या रुंदीभर वाटला जातो. रेकवर मात्र एखादं सोटमूळ नेमकं एकाच दातात अडकतं आणि त्या क्षणी अख्ख्या यंत्राचा जोर त्या एका दातावर येतो. तो दात कडेचा असेल तर सगळी चौकट पिळली जाते. म्हणून रेक यंत्राच्या वजनाच्या मापाचा घ्यावा. दातांची टोकं झिजणारच, ती बदलता येतील अशी असावीत. आहे त्या पात्यावरच अडकवायचा रेकही मिळतो. झुडपांना आणि हलक्या कामाला तो पुरतो. पण मोठे बुडखे उपसायचे असतील, तर पातं उतरवून त्या जागी बसणारा रेकच हवा. त्याच्या वरच्या भागात जाळीसारख्या मोकळ्या पट्ट्या असाव्यात. त्यामुळे रेडिएटरमध्ये फांदी घुसत नाही आणि बसल्या जागेवरून ऑपरेटरला दातांपुढचं दिसतं. ज्याला दिसतं त्याला दात किती खोल गेलेत हेही कळतं.

चौथी गोष्ट दुकानात मिळत नाही. तिला आपल्या भाषेत फार सुंदर शब्द आहे: वाफसा. ओल्या काळ्या रानात सर्वांत भारी रेक घातला तरी चिकट माती फटींत बसते, आणि एकदा फटी बुजल्या की रेकचं पुन्हा पातं होतं. अगदी कोरड्या रानात उलट होतं. डोक्याएवढी ढेकळं निघतात, ती फटींतून जात नाहीत आणि मुळांबरोबर ढिगात पोचतात. वाफशावर मात्र मूळ हलवलं की माती झडते. पेरणीसाठी वाफशाची वाट पाहणारा शेतकरी रेकसाठीही तेवढीच वाट पाहील, तर अर्धं काम तिथंच झालं.

एवढं सगळं नीट निवडलं तरी एक प्रश्न उरतोच, तो म्हणजे मुळं काढायलाच हवीत का? याचं उत्तर नायजेरियातून आलं. इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत रतन लाल यांनी १९७०च्या दशकात जंगल साफ करण्याच्या निरनिराळ्या रीती शेजारी ठेवून, पावसाबरोबर वाहून जाणारी माती मोजली. हाताने तोडून, न नांगरता पेरलेल्या जमिनीतून हेक्टरी सुमारे अर्धा टन माती गेली. झाड जमिनीलगत कापून मुळं तशीच ठेवणाऱ्या धारदार पात्याच्या यंत्राने साफ केली, तिथून सुमारे ४ टन. झाडं ढकलून पाडली आणि रूट रेकने मुळं उपसली, तिथून न नांगरताही सुमारे १५ टन, आणि नांगरल्यावर सुमारे २०. अविभाजित पंजाबात जन्मलेल्या लाल यांना २०२० साली तोच जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. माती ढकलणाऱ्या सरळ पात्यापेक्षा रेक मातीला जपतो खरा, पण लाल यांचे आकडे स्पष्ट सांगतात की जमिनीतच राहिलेलं मूळ रेकहून जास्त जपतं. ते मातीला शिवून धरतं आणि कुजल्यावर आपल्या जागी पाण्याला वाट ठेवून जातं.

म्हणून माझा निवाडा असा. जिथं मूळ नांगराला आडवं येणार आहे किंवा पुन्हा फुटून रान व्यापणार आहे, तिथं रेक घ्यावा, यंत्राच्या मापाचा, कामाला पुरेल तेवढ्या रुंद फटींचा, आणि तो वाफशावर चालवावा. जिथं मूळ आपोआप कुजणार आहे, जिथं उतार आहे, जिथं फक्त चारा किंवा झाडं लावायची आहेत, तिथं मुळांना हात लावू नये.

आपल्याकडे असं काम बहुतेकदा जेसीबी नाहीतर पोकलेन तासावर बोलावून होतं, आणि त्यांच्या बकेटलाही फट नसते. यंत्र कुठलंही असो, एक कसोटी सगळीकडे लागू पडते. पहिली फेरी झाली की ऑपरेटरला यंत्र थांबवायला सांगा आणि बांधाशी लागलेल्या ढिगापाशी जा. ढिगात हात घाला. हाताला मुळं आणि काटक्या लागल्या तर काम चालू ठेवा. मूठभर काळी, मऊ माती आली तर तिथंच थांबा, कारण त्या ढिगात तुमचं शेत चाललं आहे.