किलोमीटरला दहा रुपये!

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी पहाटे सीएसएमटीबाहेर उसळलेली गर्दी लोकल पकडायला आलेली नसते. 2004 पासून सुरू असलेल्या मुंबई मॅरेथॉनची ती गर्दी. त्यात आता कॉलेजची पोरंपोरीही भरपूर दिसतात. कुणाला मेडल हवं असतं, कुणाला स्टेटसला टाकायला फोटो. पण काहींच्या टी-शर्टवर एखाद्या संस्थेचं नाव असतं. ही मंडळी धावण्याच्या निमित्ताने पेशंट्ससाठी पैसे उभे करतात.

'तू पळून पेशंटला काय मिळणार? त्यापेक्षा बुटांचे पैसे दान कर की!' हा घरचा ठरलेला डायलॉग. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर परळमध्ये सापडतं. टाटा मेमोरियलमध्ये देशभरातून कॅन्सरचे पेशंट येतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात. राहायचं कुठे, खायचं काय, गावाकडची मजुरी बुडते त्याचं काय? या खर्चापायी उपचार अर्धवट सोडून गावी परतणारी कुटुंबं आहेत. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशांना आसरा देते. 2006 मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड ही संस्था कॅन्सरग्रस्त मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना मोफत राहायला जागा देते. म्हणजे औषधाइतकीच एका खोलीचीही गरज असते आणि ती भागवायला आपली छोटी रक्कम उपयोगी पडते.

पण स्टुडंटला पैसे देणार कोण? इथे टेरी फॉक्स आठवतो. कॅन्सरमुळे पाय गमावलेला हा कॅनडाचा मुलगा 1980 मध्ये कृत्रिम पायावर देश पार करायला निघाला. मागणं साधं होतं: प्रत्येक कॅनेडियन माणसामागे एक डॉलर, कॅन्सर संशोधनासाठी. 143 दिवसांत तो 5,373 किलोमीटर धावला. मग कॅन्सर फुप्फुसात पसरल्याने त्याला थांबावं लागलं. 1981 मध्ये तो गेला, तेव्हा 22 वर्षांचा होता. माझ्याच वयाचा.

त्याचं गणित आपल्यालाही जमण्यासारखं आहे. किलोमीटरला दहा रुपये धरले, तर 42 किलोमीटरचे 420. असे शंभर जण मिळाले की झाले 42 हजार! एकट्याने बुटांचे पैसे दिले असते, तर एवढे जमले असते का?

मुंबई मॅरेथॉनच्या देणग्यांचं काम युनायटेड वे मुंबई पाहते. त्यांच्याकडे नोंद असलेली संस्था निवडा. निवडण्याआधी पैसे नेमके कशावर खर्च होतात ते विचारा. देणगी आपल्या जीपेवर न घेता थेट संस्थेच्या पेजवर जाऊ द्या. एण्ट्री फी आणि बूट मात्र स्वतःच्या खिशातून! ग्रुपवर एकच फॉरवर्ड टाकून पैसे येत नाहीत. मामा, काकू, क्लासचे सर, सोसायटीतले काका, सगळ्यांना एकेक करून भेटा, फोन करा. लाज वाटते, पण दहाव्या फोननंतर ती कमी होते.

आता धावणं. फुल मॅरेथॉनसाठी 18 वर्षं पूर्ण हवीत आणि तयारीला किमान चार-पाच महिने. म्हणजे भर पावसात, सबमिशन आणि सेमिस्टर सांभाळून सुरुवात. कधीच धावला नसाल तर यंदा दहा किलोमीटर करा, 42.195 नंतर. आठवड्यातून एकदा लांब पल्ला धावा आणि अंतर हळूहळू वाढवा. साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर स्नायूंमधला साखरेचा साठा संपत येतो आणि पाय शिशाचे होतात. रनर्स याला 'वॉल' म्हणतात. म्हणून वाटेत काय खायचं-प्यायचं याचीही प्रॅक्टिस लागते. रेसच्या दिवशी नवे बूट अजिबात नकोत. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथेच थांबा. देणगीदार रागावणार नाहीत.

आणि शेवटी मेडलचा फोटो जरूर टाका. फक्त त्याच्याखाली किती जमले, कुठे गेले, हा हिशेबही टाका. पुढच्या वर्षी तुमच्या ज्युनिअरला पैसे मागताना त्याचाच उपयोग होईल.