आकाशाच्या काचेची वळणे

जुन्या खिडकीला ओबडधोबड काच असली म्हणजे पलीकडचा सरळ खांब वाकडा दिसतो. काचेची वळणे कळली, तर खांबाचे खरे रूप काढता येते. आम्ही कॉलेजची पायरी चढलो नाही. पण एवढे ध्यानी आले आणि आजचा विषय आम्हांस उमगला.

१९६४-६५ साली अमेरिकेत पेन्झियस व विल्सन यांना दाही दिशांतून येणारी एक सारखी, मंद खरखर आढळली. तो विश्वातला सर्वांत जुना प्रकाश होता. विश्व सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना तो निघाला आणि जवळजवळ १३८० कोटी वर्षे चालून येथे पोचला. वाटेत दीर्घिका व न दिसणारे द्रव्य आपल्या गुरुत्वाने त्याला वाकवतात. हे वाकणे सरासरी दोन-तीन कलांचे, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या दशांशाहूनही कमी.

मग एवढ्याशा वाकण्याची चिंता कशाला? या प्रकाशाच्या ध्रुवणात दोन तऱ्हेच्या आकृती असतात: एक सरळ धाटणीची, दुसरी भोवऱ्यासारखी. आरंभीच्या द्रव्यातील दाट-विरळपणामुळे मुख्यतः पहिलीच निर्माण होते. जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरी असतील, तर त्या दुसरी उमटवतील. पण वाकण्यामुळे पहिलीतूनच खोटे भोवरे तयार होतात. दक्षिण ध्रुवावरील दुर्बिणीच्या साह्याने ते २०१३ साली प्रथम ओळखले गेले.

ते काढावयाचे कसे? दूरच्या दीर्घिकांच्या अवरक्त प्रकाशावरून, किंवा त्या जुन्या प्रकाशाच्याच विकृतीवरून, द्रव्याचा नकाशा करतात. सरळ आकृतींतून किती भोवरे उपजले असतील हे त्यावरून मांडतात आणि मोजमापातून वजा करतात. २०१७ साली याच रीतीने खोट्या भोवऱ्यांचा जोर सुमारे २८ टक्क्यांनी उतरवून दाखवला गेला. नकाशा अपुरा म्हणून वजाबाकीही अपुरी.

येथे घाई नडते. मार्च २०१४ मध्ये एका गटाने जन्मलहरी सापडल्याचे जाहीर केले. २०१५ मध्ये प्लँक उपग्रहाची मोजमापे जोडून पाहता ती खूण आपल्याच आकाशगंगेतील धुळीची असू शकते, असे ठरले. त्या लहरी आजवर खात्रीने सापडलेल्या नाहीत.

मागणी मांडण्यापूर्वी आपल्याच हिशेबातील चूक आपणच काढावी, हे आम्ही कामगारांच्या सभांतून शिकलो. आकाशाचा हिशेबही त्याच रीतीने चालतो, हे पाहून आम्हांस आनंद वाटतो.