मनावर घेतलं तरी होत नाही, तेव्हा

नैराश्य आलेल्या माणसाला सल्ला ठरलेला असतो : ‘जरा मनावर घे, सगळं होईल.’ त्यामागच्या समजुती एकेक करून तपासू.

गैरसमज : हा निव्वळ आळस आहे.
वस्तुस्थिती : आळशी माणूस काम टाळून निवांत असतो. नैराश्यातला माणूस न धुतलेल्या कपड्यांच्या ढिगाकडे बघत स्वतःलाच बोल लावत बसतो. काम हाती घेण्याआधी मेंदू हिशेब मांडतो : कष्ट किती, पदरात काय पडणार? नैराश्यात कष्टाची बाजू फुगते, मोबदल्याची आटते.

गैरसमज : डोपामाइन म्हणजे आनंदाचं रसायन.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठात जॉन सालामोन यांनी उंदरांपुढे दोन वाटा ठेवल्या. एकीकडे भरपूर खाद्य, पण मध्ये चढून जाण्याजोगा अडथळा. दुसरीकडे थोडंच, पण विनासायास. एरवी उंदीर अडथळा चढून जात. मेंदूतल्या ‘न्यूक्लियस अक्युम्बेन्स’ या भागातलं डोपामाइन घटवल्यावर ते थोडक्यात भागवू लागले. अडथळा नसला, की मात्र भरपूर खाद्याचीच वाट धरत. आवड शाबूत होती, तिच्यासाठी कष्ट उपसायची तयारी गेली होती. अर्थात, माणसाच्या नैराश्याचं खापर एकट्या डोपामाइनवर फोडता येत नाही; अनेकांची आवडही आटते.

गैरसमज : चिंता माणसाला कामाला लावते.
वस्तुस्थिती : परीक्षेआधीची थोडी धाकधूक लावते. चिंताविकारात उलटंच घडतं. साहेबांचा फोन येतो, नाव बघूनच धडधडतं, उचलवत नाही. रिंग थांबली की हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच मेंदूला शिकवतं, की टाळण्यात फायदा आहे. पुढचा फोन उचलणं आणखी जड जातं. चिंता आणि नैराश्य अनेकदा जोडीनंच येतात, तेव्हा एक धोका मोठा करून दाखवते आणि दुसरं मोबदला छोटा.

गैरसमज : आधी उत्साह येऊ दे, मग काम सुरू करू.
वस्तुस्थिती : उत्साह बऱ्याचदा कामाच्या मागून येतो. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या उपक्रमाचा पाया हाच होता. डॉक्टर नसलेले, पण प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक रुग्णाबरोबर बसून झेपतील अशी कामं ठरवत. 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांमधल्या 495 रुग्णांवरचा हा अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातल्या 64 टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं होतं; फक्त नेहमीचे सुधारित उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण 39 टक्के होतं.

गैरसमज : गोळी घेतली की दोन दिवसांत उभारी येते.
वस्तुस्थिती : नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला सहसा काही आठवडे लागतात. फरक दिसत नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणूनही, ती परस्पर बंद करू नयेत.

म्हणून घरच्यांनी ‘मनावर घे’ म्हणण्यापेक्षा ‘चल, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ’ म्हणावं आणि सोबत निघावं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना दाखवावं. जीव द्यावासा वाटत असेल, तर क्षणाचाही उशीर नको. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतसेवेचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.