चूक मागे मागे जाते

कपाशीच्या फुलाच्या पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळून बसल्या, की जळगाव-धुळ्याचा शेतकरी लगेच ओळखतो: डोमकळी. आत गुलाबी बोंडअळी. पुढे ती बोंडात शिरते. वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडावं तर सरकी पोखरलेली आणि कापसाची कवडी झालेली! म्हणून अळी दिसण्याआधी तिचा पतंग मोजायचा. कामगंध सापळ्यातल्या ल्यूरला मादीचा वास असतो, त्याला भुलून नर येतात. सापळ्यामागे रोज ८ पतंग, असे सलग ३ दिवस सापडले, की उपाय करायची वेळ झाली.

पण पतंग जेमतेम नखाएवढा, करडा, पंख झडलेला. त्यात इतर किड्यांची सरमिसळ. मुंबईत २०१८ साली सुरू झालेल्या वाधवानी एआय या संस्थेनं तो ओळखायची नजर फोनला दिली. सापळ्यातले पतंग कागदावर पसरून फोटो काढायचा. संस्थेचं 'कॉटनएस' हे अ‍ॅप ते मोजतं आणि सल्ला देतं. शेतात रेंज नसली तरी चालावं, म्हणून त्यातलं न्यूरल नेटवर्क आकसून साध्या फोनात बसवलं आहे.

थक्क व्हायला होतं ते पुढे. पतंग म्हणजे काय, हे त्या नेटवर्कला कुणीच सांगितलेलं नाही! त्याच्या लेखी फोटो म्हणजे नुसते आकडे, कुठे किती उजेड याचे. नेटवर्कचा प्रत्येक थर ते आकडे आपापल्या वजनांनी, म्हणजे बदलता येणाऱ्या आकड्यांनी, गुणतो, बेरीज करतो, काही दाबतो आणि उरलेले पुढच्या थराला देतो. सुरुवातीला वजनं वाटेल ती, म्हणून उत्तरही वाटेल ते. माणसांनी खुणा करून ठेवलेल्या फोटोत पतंग १०, तर हे सांगणार ३. ही झाली चूक.

खानदेशातल्या एखाद्या जिनिंगमध्ये गाठीत कचरा निघाला, तर त्याचा माग उलटा काढतात ना? जिनवर किती, ढिगात किती, गाडीत किती, वेचणीत किती. अगदी तसंच, चूक शेवटच्या थरातून मागे मागे जाते आणि प्रत्येक वजनाला तिच्यातला नेमका वाटा मिळतो. वाटणी करतं ते गणित, कलनशास्त्रातला साखळी नियम. वजनं तेवढी किंचित सरकतात, मग पुढचा फोटो. रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांनी १९८६ साली 'नेचर'मध्ये ही रीत मांडली. असंख्य फेऱ्यांनंतर सुरुवातीच्या थरांना कडा कळू लागतात, पुढच्यांना आकार. शेवटी त्या आकड्यांच्या ढिगातून पतंग ओळखू येतो. मला हे आजही अद्भुत वाटतं.

मात्र हे सगळं मोजणार ते सापळ्यात आलेलंच. तेव्हा अळीला आसरा मिळू नये म्हणून फरदड, म्हणजे हंगामानंतर राखलेला कापूस, ठेवू नका, पेरणीनंतर ४५ दिवसांनी हेक्टरी ५ सापळे लावा आणि ल्यूर वेळेवर बदला.